पवनचक्क्यांखाली सरडे जास्त दिसतात, मग पठाराची तब्येत चांगली म्हणायची का?

नोंदवही_सातारा यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. सातारा-पाटण भागातल्या एका गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीचं काम चालू आहे. चाळकेवाडीच्या पठाराला लागून असलेला सडा (उघड्या कातळाचा सपाट माळ) गावाच्या हद्दीत येतो, उंची साधारण ११०० ते १२०० मीटर. काही भागात पवनचक्क्या आहेत, उरलेला मोकळा आहे. नोंदवहीत रंगीत गळ्याच्या सरड्याचं (फॅन-थ्रोटेड) पान लिहायला घेतलं आणि समितीत दोन तट पडले.

पवनचक्क्यांच्या भागात हे सरडे उघड जास्त दिसतात, अगदी जवळ गेलं तरी पळत नाहीत. त्यामुळे काही सदस्य म्हणतात, सरड्याचं बरं चाललंय, त्याच्यासाठी वेगळं काही करायला नको, सड्यावर झाडं लावायचा प्रस्ताव खुशाल पुढे न्या. बाकीच्यांना हे पटत नाही, पण उलट उत्तर द्यायला हातात काही नाही.

संख्या जास्त म्हणजे सगळं ठीक, हे बरोबर आहे का? महागडी उपकरणं न घेता, पण उद्या कोणी आक्षेप घेतला तर टिकेल अशी मोजणी कशी करायची? या सरड्याशिवाय सड्यावर आणखी कोणावर लक्ष ठेवायचं? आणि ग्रामसभेच्या ठरावात नेमकं काय लिहायचं? मोजणी पाऊस लागायच्या आत उरकायची आहे.

---

कातळफूल

पहिल्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आहे, आणि ते तुमच्याच पठारावर मोजून दाखवलेलं आहे. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांचा चाळकेवाडीचा अभ्यास २०१८ साली 'नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन' या नियतकालिकात आला. समितीच्या बैठकीत तोच समोर ठेवा.

त्यांनी त्याच पठारावरचे पवनचक्क्या असलेले आणि नसलेले भाग ताडून पाहिले. शिकारी पक्षी (कापशी, तिसा, ब्युटिओ गटातले बाज) मोकळ्या भागात जवळजवळ चौपट होते. पवनचक्क्यांच्या भागात पक्षी कमी, त्यामुळे जमिनीवरच्या भक्ष्यावर झडपाही कमी. आणि तिथेच सरड्यांची दाटी जास्त. म्हणजे तुमच्या सदस्यांना जे दिसतंय ते खरं आहे, फक्त त्याचा अर्थ उलटा लावला जातोय. सरडे वाढले ते त्यांना खाणारे हटले म्हणून.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. पवनचक्क्यांखालच्या सरड्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक (कॉर्टिकोस्टेरॉन) कमी होतं आणि माणूस बराच जवळ आल्यावरच ते पळत होते. "माणसाळलेत" असं तुम्हाला वाटतं ते हेच. पण त्यांची शरीरयष्टीही खालावलेली होती, लांबीच्या मानाने वजन कमी. नरांच्या गळ्याच्या पंख्यातले रंग फिके होते. दाटी झाली की एकाच दगडाभोवतीचे मुंग्या, वाळवी, नाकतोडे, भुंगेरे जास्त तोंडांत वाटले जातात. रंग धरून ठेवायलाही अंगात बळ लागतं. मादी नराची पारख याच पंख्यावरून करते, त्यामुळे रंग फिका पडला तर परिणाम पुढच्या पिढीपर्यंत जाऊ शकतो.

सड्यावर झाडं नाहीत, त्यामुळे दिवसाउजेडी उघड्या जमिनीवर कीटक टिपणारा मुख्य प्राणी हाच. आणि कापशी, खरूची, तिसा, खाटीक हे पक्षी आणि साप यांचं ठरलेलं खाणंही हाच. खालच्या कीटकांचं मांस वरच्या शिकाऱ्यांपर्यंत पोचवणारी ही कडी आहे. वरचं टोक तुटलं की मधल्या कडीत गर्दी होते, आणि आपण त्यालाच भरभराट समजतो.

नोंदवहीत शास्त्रीय नाव लिहिताना: चाळकेवाडी भागातला मोठा, निळ्या-काळ्या-नारिंगी पंख्याचा तो 'सराडा सुपर्बा'. २०१६ साली सराडा ही नवी प्रजाती (जीनस) मांडली गेली तेव्हाच ही जात वर्णिली गेली आणि तिचा मूळ नमुना चाळकेवाडीचाच आहे. 'सराडा डार्विनी' आणि 'सराडा डेक्कनेन्सिस' या तिच्या बहिणी. ओळख पक्की नसेल तर नुसतं "सराडा, जात अनिश्चित" लिहा आणि फोटो जोडा: कुशीतून, पाठीवरून, पंखा उघडलेला आणि मागच्या पायाची बोटं. या गटात मागच्या पायाला चारच बोटं असतात, फोटोत ती नीट आली पाहिजेत. फक्त पंख्याच्या रंगावरून जात ठरवू नका. उन्हाच्या कोनाप्रमाणे निळा काळा दिसतो आणि काळा निळा.

---

मोजपट्टी

मोजणीचं मी सांगतो. तीन गोष्टी मोजा: सरडे, शिकारी पक्षी आणि जमीन. नुसते सरडे मोजलेत तर वर सांगितलेलाच घोटाळा पुन्हा होईल.

सरड्यांसाठी सरळ पट्टे आखा. प्रत्येक पट्टा २०० मीटर लांब. पवनचक्क्यांच्या भागात किमान दहा, मोकळ्या भागात दहा. दोन पट्ट्यांत निदान २५० मीटर अंतर ठेवा, नाहीतर तोच सरडा दोनदा मोजला जातो. पट्ट्यांच्या जागा आदल्या दिवशी नकाशावर चिठ्ठ्या टाकून ठरवा. "इथे सरडे दिसतात" म्हणून तिथे पट्टा आखला की सगळी मोजणी फुकट, कारण मग तुम्ही पठार मोजत नाही, स्वतःची आठवण मोजता. पट्टे रस्त्याच्या कडेनेही नकोत.

वेळ सकाळी साडेआठ ते अकरा. ऊन पडलेलं हवं. ढगाळ हवा, धुकं किंवा सोसाट्याचा वारा असेल तर त्या दिवशी मोजणी नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी कातळ एवढा तापतो की सरडे सावलीत किंवा बिळात जातात. बाराला मोजलं तर आकडा निम्म्यावर येईल आणि कोणीतरी त्याचा अर्थ "सरडे घटले" असा काढेल. दोन्ही भाग एकाच सकाळी मोजा, दोन तुकड्या करा आणि दुसऱ्या दिवशी तुकड्यांची अदलाबदल करा. एकाची नजर तेज असते, दुसऱ्याची नसते. अदलाबदल केली नाही तर तो फरक पवनचक्कीच्या खात्यावर जमा होतो.

चालायचं हळू, २०० मीटरला साधारण २० मिनिटं. सरडा दिसला की तो पहिल्यांदा जिथे दिसला ती जागा धरा, पळून गेला ती नव्हे. त्या जागेपासून पट्ट्याच्या रेषेपर्यंतचं काटकोनातलं अंतर टेपने मोजा. तुमच्यापासूनचं अंतर नको. चुकतं ते इथेच, आणि नंतर दुरुस्त करता येत नाही. लांबचे सरडे कमी दिसतात हे गणिताने भरून काढायचं तर काटकोनातलंच अंतर लागतं, आणि दर भागात ६० ते ८० तरी नोंदी लागतात. तेवढ्या नोंदी होणार नसतील तर साधा हिशेब करा: रेषेच्या दोन्ही बाजूंना ४ मीटरच्या आतले सरडेच धरा. २०० मीटर × ८ मीटर म्हणजे १६०० चौरस मीटर, ०.१६ हेक्टर. आठ सरडे दिसले तर हेक्टरी ५०. ही किमान संख्या आहे, खरी याहून जास्त असणार, असं नोंदवहीत स्पष्ट लिहा.

नर, मादी, पिल्लू, ओळखता आलं नाही, असे चार रकाने ठेवा. विणीच्या दिवसांत नर दगडावर चढून पंखा फडकवतो, मादी मातकट रंगाची आणि खाली गवतात. म्हणून नरच जास्त मोजले जातात. "माद्या नाहीत" असा निष्कर्ष काढू नका.

पक्ष्यांसाठी दर भागात सहा-सात ठिकाणं ठरवा, प्रत्येकी २० मिनिटं, चौफेर नजर. नऊ ते अकराच्या दरम्यान हवा वर चढू लागते आणि घिरट्या घालणारे पक्षी उठतात. बसलेला, घिरट्या घालणारा, झडप घातलेला, हे वेगवेगळं लिहा. खूप उंचावरून नुसता पार होऊन गेलेला पक्षी वेगळ्या रकान्यात, कारण तो तुमच्या सड्यावर शिकार करत नव्हता.

जमिनीसाठी प्रत्येक पट्ट्यावर दर ४० मीटरला १ मीटर × १ मीटरची चौकट ठेवा. काठ्या किंवा पीव्हीसी पाइप चालेल. चौकटीत उघडा कातळ किती टक्के, सुटे दगड किती, गवताची उंची किती, एवढंच. पवनचक्क्यांपाशी रस्ते झालेत, पायाच्या खोदकामाचे ढिगारे पडलेत. सरड्याला बसायला दगड हवेत आणि ढिगाऱ्यात ते भरपूर मिळतात. मग सरडे वाढले ते घारी कमी म्हणून की दगड जास्त म्हणून? चौकटीची नोंद नसेल तर हा आक्षेप खोडता येणार नाही.

---

नोंदवही_सातारा

फार उपयोगी पडलं, धन्यवाद. सरडा किती जवळ येऊ देतो हेसुद्धा मोजावं का? शाळेतल्या मुलांना त्यात सहज सहभागी करता येईल असं वाटतं.

---

मोजपट्टी

करता येतं, पण नेमकेपणाने. सरडा लांबून हेरा, त्याच्यापासून १० मीटरवर थांबा, मग एकाच संथ चालीने सरळ त्याच्याकडे जा. तो हलला त्या क्षणी तुम्ही जिथे असाल तिथे खडा टाका आणि सरड्याच्या मूळ जागेपर्यंत टेप लावा. सुरुवातीचं अंतर प्रत्येक वेळी तेच हवं, कारण लांबून सुरुवात केली तर सरडा लवकर पळतो. कपडे मळखाऊ रंगाचे. जवळचं बीळ किंवा फट किती अंतरावर होती तेही लिहा. आसरा हाताशी असेल तर तो उशिरा हलतो. एका सरड्यावर एकदाच. पुढचा निदान ३० मीटर लांबचा घ्या.

मुलांच्या घोळक्याने मात्र हे करू नका. चार जण एकदम चालले की मोजमाप सरड्याचं राहत नाही. एक चालणारा, एक लिहिणारा, पुरे. पंखा फडकवणाऱ्या नराच्या मागे धावणं तर नकोच. पाऊस लागेपर्यंतचे हेच थोडे आठवडे त्याच्या जोडीदारासाठीचे असतात आणि फोटोवाल्यांनी आधीच त्याला पुरेसं पळवलेलं असतं.

---

दगडाखाली

तिसरा प्रश्न मागे पडू नये. तुमच्या सड्यावर सरड्यापेक्षाही जास्त काळजी वाटावी असा प्राणी दगडाखाली आहे: सातारा पाल, 'हेमिडॅक्टिलस सातारेन्सिस'. वरद गिरी आणि आरोन बाउअर यांनी २००८ साली चाळकेवाडीहूनच तिचं वर्णन केलं. लहान, जमिनीवर राहणारी, रात्री हिंडणारी. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत ती 'असुरक्षित' (व्हल्नरेबल) गटात आहे. कोकणातल्या सड्यांवर तिच्यासारखीच पांढऱ्या पट्ट्याची पाल आहे, 'हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस', तीही त्याच गटात. घरातल्या भिंतीवरच्या पालीशी यांची गल्लत करू नका. या पाली भिंतीवर येत नाहीत, झाडावर जात नाहीत. त्यांचं सगळं आयुष्य सुट्या दगडाखालच्या दोन बोटांच्या फटीत.

त्यामुळे दगड उचलणं हाच मोठा घाला. बांधाला, गडग्याला, रस्त्याच्या सोलिंगला, शेकोटीला, पर्यटकांच्या दगडी मनोऱ्यांना, सगळीकडे नेमका तोच दगड जातो जो पालीला हवा असतो: चपटा, हाताने उचलता येईल एवढा, खाली पोकळी असलेला. पातळ फरशी दुपारी भट्टीसारखी तापते, मोठा धोंडा आतून गारच राहतो. मधल्या जाडीच्या दगडाखाली रात्री पुरेशी ऊब आणि दिवसा पुरेसा गारवा मिळतो. असे दगड पठारावर मोजकेच असतात आणि नव्याने तयार व्हायला माणसाचं आयुष्य पुरत नाही.

उचललेला दगड परत आणून टाकला की झालं, हा समज काढून टाका. सिडनीजवळच्या वालुकाश्मी कड्यांवर यावर काम झालंय. दगड जागेवरून थोडासा सरकला तरी त्याखालची फट बिघडते आणि सरपटणारे प्राणी तिथे कमी मिळतात. तेच दगड पूर्वीसारखी फट साधून नीट बसवले तर प्राणी परत येतात. दगड मूळ ठशात, तीच बाजू खाली, तीच पोकळी राहील असा बसायला हवा. ठसा शोधणं सोपं आहे: दगडाखालची माती गडद आणि ओलसर असते, भोवती गवताच्या मुळांची कड असते, आणि दगडफुलाचे डाग नेहमी वरच्या बाजूला. डाग खाली गेले असतील तर दगड उलटा पडलाय.

तपासणीसाठी दगड उचलायचे तर आधी वनविभागाशी बोला, अभयारण्याच्या हद्दीत लेखी परवानगीशिवाय नाही. मग या पद्धतीने: दगडाची लांबची कड धरून आपल्याकडे उचला, म्हणजे दगड ढालीसारखा तुमच्या आणि आतल्या जिवाच्या मध्ये राहतो. सड्यावर फुरसं आणि विंचू दोन्ही असतात, बोटं खाली घालू नका, लोखंडी आकडा वापरा. पाल दिसली तर फोटो घ्या. दगड तिच्यावर टेकवू नका. तिला बाजूला होऊ द्या, दगड मूळ ठशात बसवा आणि मग ती कडेने आपणहून आत जाईल. मातीत रुतलेला दगड हलवायचाच नाही. अंडी दिसली (दोन पांढरी, कडक कवचाची) तर त्यांना हात न लावता दगड लगेच ठेवा. अंडं फिरलं तर आतला जीव मरू शकतो. एका जागी दहापेक्षा जास्त दगड नकोत, आणि तोच दगड त्या हंगामात पुन्हा नाही.

---

कातळफूल

झाडं लावण्याबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. सड्यावर माती बोट-दोन बोटं, तीही खळग्यांत. तिथे समतल चर खणून रोपं लावायची म्हणजे कातळ फोडायचा, सुटे दगड उचलून आळी करायची, बाहेरची माती आणायची. पहिल्या उन्हाळ्यात बरीच रोपं वाळतात. जी जगतात ती सरड्याला आणखी नडतात. उघड्यावर ऊन खाऊन अंग तापवणाऱ्या प्राण्याच्या जागेवर सावली पडते, आणि बसायला झाड मिळालं की कावळे येतात. लोक "ओसाड जागेवर हिरवळ" म्हणतात त्याचं मूळ सरकारी वर्गवारीत आहे. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात उघडा खडकाळ भाग हा पडीकच धरला जातो. नोंदवही ही त्याला उत्तर द्यायची जागा आहे. झाडं लावायची हौस खरी असेल तर ती गावाभोवती, ओढ्याकाठी, जिथे पूर्वी जंगल होतं तिथे लावा. तिथे ती जगतील.

वणव्याचंही तेच. गवत जाळल्यावर बिळात आणि दगडाखाली बरेच सरडे वाचतात. पण नंतर काळ्या राखेवर ते उघडे पडतात आणि कीटक नाहीसे होतात. जाळरेषा काढायची तर ती फेब्रुवारीच्या आत आणि पठाराच्या कडेने काढा, मधून नको.

---

ठराव_लेखक

ठरावाचं मी सांगतो, कारण यात नुसत्या सदिच्छेने काही होत नाही.

पहिल्यांदा हे लक्षात घ्या की पवनऊर्जा प्रकल्प २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेत येत नाहीत. जनसुनावणीची वाट पाहत बसलात तर ती येणारच नाही. तुमच्या हातात ग्रामसभेचा ठराव आहे, २००२ च्या जैवविविधता कायद्याखालची समिती आणि तिची नोंदवही आहे, आणि वनजमीन असेल तर वनविभागाच्या अटी आहेत. "पवनचक्क्या बंद करा" अशी मागणी घालू नका, ती पहिल्याच बैठकीत बाजूला पडेल आणि तिच्याबरोबर बाकीच्या अटीही.

संधी दुसरीकडे आहे. या भागातल्या जुन्या, लहान पवनचक्क्यांचं आयुष्य संपत आलंय. २०२३ साली केंद्राचं पुनःऊर्जीकरणाचं (रिपॉवरिंगचं) नवं धोरण आलं आहे. जुनी यंत्रं काढून कमी संख्येची पण मोठी यंत्रं बसवायची, असा त्याचा ढाचा. यंत्रं कमी होतील, पण मोठं पातं वर न्यायला रुंद रस्ता, मोठ्या क्रेनला सपाट जागा आणि खोल पाया लागतो. सड्याचं जे नुकसान व्हायचं ते त्या बांधकामाच्या काही महिन्यांत होतं. म्हणून अटी आत्ताच लिहून ठेवा.

नवा रस्ता नको, असलेल्याच रस्त्याने जायचं आणि जुन्या पायाच्या जागेचाच शक्य तिथे वापर करायचा. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकायचं. एप्रिल ते सप्टेंबर पूर्ण बंद, कारण आधी वीण, मग अंडी, मग पिल्लं आणि फुलं. सड्यावरचा सुटा दगड भरावाला वापरायचा नाही, खडी बाहेरून आणायची. खोदकामाचा राडारोडा पठारावर ढीग करून ठेवायचा नाही. मोडीत काढलेल्या यंत्राचं काँक्रीट, तेल, केबल किती दिवसांत हलवायची ती मुदत आकड्यात लिहायची. रस्त्यावर ताशी २० किलोमीटरची मर्यादा आणि सकाळी आठ ते अकरा जड वाहनं बंद, कारण तापलेल्या रस्त्यावर सरडे ऊन खायला येतात. कामगारांच्या वस्तीतला कचरा रोज खाली न्यायचा. उष्टं-खरकटं राहिलं की कावळे आणि कुत्री येतात आणि मग जातच नाहीत. शेवटची अट: कामाआधी एक आणि नंतर सलग तीन वर्षं अशी मोजणी कंपनीच्या खर्चाने व्हावी, पण मोजणाऱ्याची निवड समितीने करावी.

प्रत्येक अटीला गट नंबर जोडा. "पठारावर" एवढंच लिहिलं तर पठार कुठे सुरू होतं यावरच वाद होईल.

---

उन्हाचा_हिशेब

यात तापमान राहून गेलं. मेक्सिकोत बॅरी सिनर्वो आणि सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवून दिलं की १९७५ पासून काटेरी सरड्यांच्या (स्केलोपोरस) १२ टक्के स्थानिक वस्त्या संपल्या होत्या. उन्हाने सरडे थेट मेले असं त्यांचं म्हणणं नव्हतं. विणीच्या ऋतूत दिवसातले जास्त तास सावलीत काढावे लागतात, खायला वेळ उरत नाही आणि मादीला अंड्यांपुरतं बळ साठवता येत नाही. तुमच्या सरड्याची वीणही कडक उन्हाळ्यातच. वर सरकायला जागा नाही, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच कळसूबाई १६४६ मीटर आणि तेही फार लांब. बाजूच्या पठारावर जायचं तर मधे दाट जंगलाची दरी, तिथे हा सरडा टिकत नाही.

हे स्वस्तात मोजता येतं. २२ मिलिमीटर व्यासाची तांब्याची नळी, ९ सेंटिमीटर लांब. आत बटणाच्या आकाराचा तापमान नोंदक (आयबटन) ठेवा, दोन्ही तोंडं टोपण आणि एम-सीलने बंद करा, वरून करड्या-तपकिरी रंगाचा मॅट पेंट. चकचकीत तांबं तसंच ठेवलं तर ते ऊन परतवतं आणि आकडा खोटा येतो. नोंदक १७ मिलिमीटरचा असल्याने याहून बारीक नळीत तो बसत नाही. सरडा त्यापेक्षा सडपातळ असतो, त्यामुळे नळी जरा सावकाश तापते हे ध्यानात ठेवा. दर १० मिनिटांनी नोंद लावली तर साध्या आयबटनच्या २०४८ नोंदी साधारण १४ दिवसांत भरतात. तेराव्या दिवशी उतरवून घ्या.

पाच नळ्या पुरतात: दगडाच्या माथ्यावर, दगडाच्या सावलीत, दगडाखाली, गवताच्या बुंध्याशी, बिळाच्या तोंडाशी. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा या वेळात माथ्यावरची नळी किती तास ४० अंशांच्या वर गेली आणि त्याच वेळी दगडाखालची किती होती, एवढं काढा. दगडाखालचा आकडा हा 'दगडाखाली' यांच्या म्हणण्याचा पुरावाच होईल. घराच्या ओसरीवरचा तापमापक इथे कामाचा नाही, तो हवा मोजतो, सरड्याचं अंग नाही.

---

नोंदवही_सातारा

सगळ्यांचे आभार. येत्या शनिवारी पट्टे आखतो. दोन शंका: सरडाच दिसला नाही असा पट्टा नोंदवहीत घालायचा का? आणि पावसाळ्यानंतर पुन्हा मोजावं का?

---

मोजपट्टी

शून्य आलेला पट्टा घालायचाच. तो वगळलात तर सरासरी फुगते. पावसाने किंवा धुक्याने राहिलेल्या पट्ट्यापुढे मात्र शून्य लिहू नका, "मोजला नाही" असं लिहा.

दुसरी मोजणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात करा, त्याच पट्ट्यांवर, त्याच वेळेत. तेव्हा पंखा फडकवणारे नर मिळणार नाहीत आणि गवत उंच असेल, त्यामुळे एकूण आकडा मे महिन्यातल्या आकड्याशी ताडून पाहू नका. ऑक्टोबरमध्ये बघायचं ते पिल्लांचं प्रमाण. पवनचक्क्यांच्या भागात मोठे सरडे जास्त असूनही त्यांच्या मानाने पिल्लं कमी निघतात का, ते तिथे कळेल. गवत ३० सेंटिमीटरच्या वर असेल तर ४ मीटरऐवजी २ मीटरच्या आतलेच धरा आणि हिशेबात ८ च्या जागी ४ घाला.